बिनबापाचा आकडा

"नुसता आकडा ओरडायचा नाही, वार. दहा म्हणजे दहा काय? दहा नारळ, दहा बांगडे, की दहा थपडा? आकड्याला बाप लागतो. बापाचं नाव लावल्याशिवाय आकडा तोंडाबाहेर काढायचा नाही."

थपडा बापाने खरोखरच दिल्या होत्या. दहा नव्हे, तीन. पण तिसरीला वारसिनीच्या डाव्या कानातून रक्त आलं होतं. ती तेव्हा सतरा वर्षांची होती आणि काटा बघून नुसतं 'नऊ' ओरडली होती. आता ती शेहेचाळीसची होती. बाप दिरमान मातीखाली जाऊन वीस वर्षं झाली होती. तरी काट्यासमोरच्या स्टुलावर बसताना आधी डावा कान गरम होई आणि मग काटा दिसू लागे.

त्या बुधवारीही कान गरम झाला. तिने जपाची तस्बीह बटव्यात ठेवली, बटवा कमरेला खोचला, 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि काट्याची काच डोक्याच्या रुमालाच्या टोकाने पुसली.

जुवानाच्या नदीमुखाशी लाकडी होड्या दुरुस्तीसाठी वर ओढतात, त्यातला हा एक धक्का. भरतीच्या पाण्यात होडी चाकांच्या गाड्यावर बसवायची, विंच सुरू करायचा, की दोर ताणत जातो आणि गाडा होडीसकट रुळांवरून चिखलाबाहेर येतो. विंच आणि त्याला धरून ठेवणारा खुंट यांच्यामध्ये हा काटा जोडलेला. भिंतीवरच्या घड्याळाएवढा, शून्यापासून वीसपर्यंत. वीस टन. दोराला किती ताण बसलाय ते काट्यावर कळे आणि वारसिनी ते ओरडून सगळ्यांना सांगे. एवढंच तिचं काम. आधी बापाचं, मग तिचं. नवरा पूर्वेकडच्या बेटांवर मासेमारीला गेला आणि तिथेच दुसरं घर करून राहिला, तेव्हापासून तर तिला काट्याशिवाय आणि नमाजाशिवाय दुसरं काही राहिलंच नव्हतं.

त्या धक्क्यावर टनाशिवाय दुसरं माप नव्हतं. बर्फ टनात, मासळी टनात, होडी टनात. नळावरच्या बायकासुद्धा भांडताना 'टनभर जीभ आहे मेलीची' म्हणत. आणि वारसिनी तर आकडा उच्चारला की मागे टन लावल्याशिवाय राहत नसे. पोरं तिला टनबाई म्हणत. ती हसून सोडून देई.

"यू वार, इकडे बघ जरा." कसमुरी दोराच्या वेटोळ्याशी उकिडवा बसला होता. दोर सांभाळणं हे त्याचं काम. ओठात लवंगेची सिगरेट, डोक्याला फडकं. वारसिनीला तो थोरल्या बहिणीसारखं 'यू' म्हणे आणि ती त्याला थोरल्या भावासारखं 'कांग'. खरं तर दोघं एकाच वर्षी जन्मलेली. "तू चार बुकं शिकलेली आहेस. हे वाच."

दोर नवा होता. जुना लोखंडी दोर गंजून काट्याकाट्यांचा झाला होता, हातमोजे फाडत होता. म्हणून मालक पाक हांदोयोंनी बाहेरून हा नायलॉनचा मागवला होता. पांढराशुभ्र, मऊ, अंगठ्याहून जाड. त्याच्या टोकाला प्लास्टिकची पिवळी चिठ्ठी होती. तिच्यावर छापलं होतं एकशेवीस, आणि पुढे दोन अक्षरं, एक बारकं आणि एक मोठं.

"एकशेवीस," वारसिनी म्हणाली.

"ते मलापण कळतं. एकशेवीस काय?"

तिने त्या दोन अक्षरांकडे बघितलं. के आणि एन. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर कसली ना कसली अक्षरं असतात, कंपनीची असतील.

"टनच असणार," ती म्हणाली. "दुसरं काय असतं?"

कसमुरीने शीळ घातली. "एकशेवीस टन? म्हणजे ही मशीदसुद्धा ओढून नेईल नदीत."

"तोबा म्हण, कांग."

"तोबा. मशीद नाही. पाक हांदोयोंची सासू."

विंचवर बसणारा दुलकरीम खिंकाळला. "तिला एकशेवीस पुरणार नाही."

"हे तुझ्याकडेच ठेव," कसमुरीने चिठ्ठी दातांनी तोडून तिच्या हातात दिली. "तुला कागदं जमवायची सवय आहे." वारसिनीने ती तस्बीहच्या बटव्यात टाकली.

मग तो नेहमीप्रमाणे गोणतं भिजवायला पायऱ्यांवर गेला. तागाचं जुनं गोणतं नदीत बुडवायचं आणि ओढणी सुरू होण्याआधी, दोर ढिला असतानाच, त्याच्या मधोमध टाकायचं. दोर तुटलाच, तर ते ओलं ओझं त्याला खाली जमिनीवर पाडतं. बापाच्याही आधीपासूनची ही रीत होती. बापाने तिला हे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन शिकवलं होतं. खिळ्याला ट्यूब टांगली, खाली एक वीट बांधली, ट्यूब वीतभर लांबली. दोन विटा, दोन विती. "जेवढा ओढशील तेवढी लांबते. आणि सोडलीस की लांबलेलं सगळं परत मागते." मग त्याने सहा विटा बांधल्या आणि एका तासाने सोडल्या. ट्यूब पूर्वीएवढी झाली नाही. चार बोटं लांबच राहिली. "हद्द ओलांडली," तो म्हणाला. "आता ही कधीच मागं येणार नाही." एवढं बोलून त्याने ती ट्यूब दोन्ही हातांनी ताणली आणि तुटेपर्यंत ओढली. तुटलेलं टोक त्याच्या हनुवटीवर बसलं. तिला हसू आलं, आणि त्या हसण्याचीही एक थप्पड झाली.

"ते गोणतं कुठे घेऊन निघालास?" पाक हांदोयो छत्री टेकत आले.

"दोरावर टाकायला, पाक."

"पांढरा दोर आहे. चिखलातली वाळू धाग्यात शिरली की आतून कातरतो. लिहिलंय त्यांनी कागदावर. ठेव ते बाजूला."

"पण पाक, रीत आहे."

"रीत लोखंडाची होती. हा एकशेवीसचा आहे. आपल्याला आठ-नऊच्या वर कधी लागलंय?"

कसमुरीने वारसिनीकडे बघितलं. तिने मान हलवली. म्हणजे, राहू दे, बरोबर बोलतायत ते. त्याने गोणतं रुळाच्या कडेला ठेवलं.

होडी मोठी होती, नव्याने ओढायला घेतलेली. विंच सुरू झाला. "तीन टन," वारसिनी ओरडली. "पाच टन." दोर पाण्यातून वर आला, थरथरला, सरळ झाला. "सात टन. आठ टन." गाडा हात-दोन हात सरकला आणि थांबला. चाक रुळावरून उतरलं होतं की चिखलात रुतलं होतं, ते वरून दिसत नव्हतं.

"नऊ टन." गाडा हलला नाही. दोर मात्र लांबत होता. विंचवर वेढा पडत होता, होडी जागच्या जागी होती, आणि मधला दोर बारीक होत चालला होता.

"दहा टन."

काट्याच्या काचेवर दहाच्या जागी बापाने ओढलेली लाल रेघ होती. तिथे आजवर दुलकरीम हात आवरायचा. आताही त्याने आवरला.

"ओढ," हांदोयो म्हणाले. "ती रेघ जुन्या दोराची आहे."

दुलकरीमने वारसिनीकडे बघितलं. माणूस माणसाकडे बघतो तेव्हा त्याला एक शब्द हवा असतो. तिच्या कमरेला बटवा होता, बटव्यात एकशेवीस होते. तिने काही म्हटलं नाही. विंच पुन्हा गुरगुरला.

"अकरा टन."

दोरातून आवाज येऊ लागला, दूर कुठेतरी बाई रडते आहे तसा. कसमुरी आकड्यांवर विसंबणारा नव्हता. त्याने दोराकडे बघितलं. अंगठ्याहून जाड वस्तू करंगळीएवढी झाली होती. त्याने सिगरेट थुंकली, कडेचं ओलं गोणतं उचललं आणि दोराकडे दोन पावलं टाकली.

थांब, असं वारसिनी म्हणाली नाही. एकशेवीस असताना अकराला कोण भितं?

तोफेसारखा आवाज झाला असं नंतर सगळे म्हणाले. तिला आवाज आठवत नाही. तिला एवढंच दिसलं की दोर होता तिथे नाही, आणि कसमुरी होता तिथे नाही. दोर गाड्याच्या गाठीपाशी तुटला होता आणि लांबलेलं सगळं त्याने एका क्षणात परत मागितलं होतं. टोक कसमुरीच्या छातीतून गळ्यापर्यंत आडवं गेलं. तिथून पुढे शेडच्या खांबावर आदळलं आणि हातभर रुंद खांब मधोमध फोडून गेलं. तिच्या तोंडावर काहीतरी ऊन शिंपडलं गेलं. काट्याची काच तडकली. आत काटा शून्यावर येऊन आपटला.

"शून्य टन," वारसिनी ओरडली. तीस वर्षांची सवय.

कसमुरी आठ हात लांब, रुळांच्या पलीकडे पडला होता. गोणतं त्याच्या हातातच होतं. ते धरलेली बोटं तशीच होती; बाकीचं तसं राहिलं नव्हतं. दुलकरीमने आपला शर्ट काढून त्याच्या मानेवर टाकला आणि शर्ट बुडाला. कुणीतरी दुसरा शर्ट दिला. तिसरा कुणी देईना. वारसिनी गुडघ्यांवर बसून त्याच्या कानाशी कलमा म्हणत राहिली. त्याचे डोळे तिच्याकडेच लागले होते, पण ते काही विचारत नव्हते.

*

दुपारच्या नमाजानंतर अंगणात तिरडी ठेवली. गावचे मोदीन, अंत्यविधी करणारे म्हातारेबाबा, पुढे उभे राहिले आणि रीतीप्रमाणे जमलेल्यांना म्हणाले, "हा आपला भाऊ कसमुरी. माणूस चांगला होता की वाईट?"

"चांगला," सगळे म्हणाले.

हे तीनदा विचारतात. जिवंतांची साक्ष मेलेल्याच्या बरोबर जाते. पण धक्क्यावरून एक वेगळीच गोष्ट मयताच्या आधी घरी पोचली होती: दोराच्या रेषेत उभं राहू नये हे शेंबडं पोरही जाणतं, कसमुरी गेला कसा? रात्रभर जागला होता म्हणे. तोंडाला वास येत होता म्हणे. हे कुणी पहिल्यांदा म्हटलं ते कुणालाच सांगता आलं नसतं, पण पाक हांदोयो खुर्चीवर मान खाली घालून बसले होते आणि नाही म्हणत नव्हते.

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज थोडे कमी आले. तिसऱ्यांदा पुरुषांच्या रांगेतून सगळ्यांत मोठा आवाज आला तो दुलकरीमचा. "चांगला," तो म्हणाला, रडत म्हणाला.

कसमुरीचा धाकटा भाऊ रासमादी रांगेतून वळला. बैलासारखा माणूस, बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायचा.

"तू म्हणतोस चांगला? तू?"

"रासमादी, ऐक..."

"विंच तुझ्या हातात होता ना? रेघेच्या पुढे कुणी ओढलं?"

त्याने मांडवाचा बांबू उपसला. पहिला तडाखा दुलकरीमच्या गुडघ्यावर बसला, आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज सगळ्या अंगणाने ऐकला. दुलकरीम पडला. दुसरा जबड्यावर. मग बांबू फुटला आणि रासमादी लाथांवर आला. आणखी दोघे-तिघे धावले. सोडवायला धावले असं वाटलं, तर तेही मारू लागले. मांडव एका बाजूने खाली बसला. तिरडीवरची फुलं मातीत गेली.

"घरात मैयत आहे," कसमुरीची बायको तोयिबा दारातून ओरडली. "अरे मेल्यांनो, घरात मैयत आहे."

वारसिनी बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. ते एवढंसं होतं: त्याने मला विचारून ओढलं. ती ते गिळत राहिली. दुलकरीम ओरडायचा थांबला तेव्हाच मारणारे थांबले. त्याचे दोन दात तोयिबाच्या उंबऱ्याशी येऊन पडले होते.

रासमादीने रक्ताळलेला हात तिरडीच्या दांड्याला लावला. "ज्याची चूक असेल त्याला मी सोडणार नाही," तो म्हणाला. "दोराने भावाचं जे केलं, तेच मी त्याचं हाताने करीन. साक्ष सगळे."

मग खांदा दिला आणि तिरडी उचलली.

*

शनिवारी हांदोयोंनी तिला बोलावलं.

"पोलीस येऊन गेले. अपघात लिहिलाय. तुला विचारलंच तर तू काटा वाचलास, बास. कसमुरी रेषेत गेला, हे खोटं आहे का?"

"खरं आहे, पाक."

"मग झालं. दुसरा दोर आलाय. गुरुवारी दहाच्या भरतीला तीच होडी ओढायची. दुलकरीमच्या जागी दुसरा कुणी बसेल. आणि दोरावर रासमादी."

तिने वर बघितलं.

"भावाची जागा त्याला दिली. हात कामात राहिले की डोकं थंड राहतं."

"दोर तसलाच आहे?"

"तसलाच. एकशेवीसचा."

"पाक, मग पहिला तुटला कसा?"

त्यांनी हातातला कॉफीचा ग्लास उचलून भिंतीवर मारला. तो तिच्या डाव्या कानाला वारा लावून गेला. गरम गाळ तिच्या खांद्यावर उडाला. "मला काय माहीत?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "मी काय दोर वळतो? खराब निघाला एखादा. प्रत्येक वेळी तुटतो का?" मग ते स्वतःच वाकून काचा वेचू लागले. "जा तू. गुरुवारी ये."

त्यांनाही माहीत नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं. त्यांना ठाऊक असतं तर किती सोपं झालं असतं.

*

सोमवार आणि गुरुवार तिचा रोजा असे. गेल्या वीस वर्षांत चुकला नव्हता. सोमवारी सूर्य कलल्यावर ती तोयिबाकडे गेली. मयतासाठीच्या रोजच्या पाठाला येणाऱ्यांसाठी तोयिबा केळीच्या पानांत भाताचे पुडे बांधत होती, वर तळलेल्या सोयाबीनच्या तेम्पेचा एकेक तुकडा. तिची मुलगी नूर कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती आणि बाप मेला म्हणून परीक्षा थांबत नाही.

वहीत एक स्प्रिंग काढलेली होती, तिला खाली वजन लावलेलं.

"दुप्पट वजन, दुप्पट लांब," वारसिनी म्हणाली.

नूरने मान वर केली. "हो. हद्दीच्या आत असेल तर. सोडलं की परत पहिल्यासारखी होते."

"आणि हद्दीबाहेर नेली तर थोडी लांबच राहते."

"बु वार, तुम्हाला कसं माहीत?"

"बापानं शिकवलं." तिचा हात नकळत कानाकडे गेला. मग तो बटव्याकडे गेला. पाच दिवस ती चिठ्ठी तस्बीहच्या मण्यांना लागत होती. "नूर, हे वाचता येतं तुला?"

नूरने पिवळी चिठ्ठी उजेडात धरली. "एकशेवीस किलोन्यूटन."

"म्हणजे कंपनीचं नाव?"

"नाही हो. माप आहे. ओढायचा जोर मोजतात त्याने. आमच्या पहिल्याच धड्यात आहे."

"टन नाही?"

"टन वेगळा. एक टनाची वस्तू टांगली तर ती दोराला किती जोराने ओढते? साधारण दहा किलोन्यूटन." तिने वहीच्या कडेला भागाकार केला. पेन्सिल चालत होती तेव्हा पोरीला अजून काही उमगलं नव्हतं. तिला फक्त गणित येत होतं. "म्हणजे बारा. बारा टन आणि वर थोडं. आणि हे तुटायच्या वेळचं असतं. गाठ मारली, वाकवला, की त्याआधीच..."

पेन्सिल थांबली.

तोयिबाच्या हातातलं पान थांबलं. "काय बारा टन?" तिने विचारलं. "यू, काय आहे ते?"

वारसिनीने सांगितलं. ती सावकाश बोलणारी बाई. तिने सावकाशच सांगितलं. कसमुरी उकिडवा बसला होता ते. त्याने एकशेवीस काय म्हणून विचारलं ते. "मी म्हटलं, टनच असणार. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं मी म्हटलं नाही. गोणतं राहू दे म्हणून मान हलवली ती मी. दुलकरीमने माझ्याकडे बघितलं तेव्हा गप्प बसले ती मी. कांग प्यायलेला नव्हता. तो गोणतं टाकायला गेला होता. आम्हा सगळ्यांसाठी गेला होता."

तोयिबा उठली. तिच्या हातात भाताची लाकडी पळी होती. पहिला फटका वारसिनीच्या कपाळावर बसला, दुसरा कानावर, त्याच कानावर. तिसऱ्याला पळीचा दांडा मोडला. मग तिने मुठी वापरल्या. वारसिनीने हात वर केले नाहीत. नूर मधे पडायला उठली तर तिलाही धक्का बसून ती भिंतीवर आदळली. श्वासाचाच काय तो आवाज. डोक्याचा रुमाल सुटला, तस्बीह तुटली, मणी भातात गेले.

मशिदीतून मगरिबची बांग झाली.

तोयिबाचा हात हवेत राहिला. ती धापा टाकत तशीच उभी राहिली, बांग पुरी होईपर्यंत. मग कोपऱ्यात जाऊन तिने माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि वारसिनीसमोर ठेवलं.

"रोजा सोड," ती म्हणाली.

वारसिनीने पेला घेतला. पाण्यात रक्ताचा एक थेंब पडला. उपास मोडायची दुआ पुटपुटून ती ते पाणी प्याली.

"मला सांगून काय उपयोग?" तोयिबा जमिनीवर बसली. आवाज घोगरा झाला होता. "माझं गेलं ते गेलं. गुरुवारी तिथे रासमादी उभा राहणार आहे. ह्या घरात आता तेवढाच एक पुरुष उरलाय. त्या दोरापाशी जाऊन सांग. सगळ्यांसमोर. आकड्यासकट."

"तो मला मारेल, तोयिबा."

"मारेल." तोयिबाने मोडलेल्या पळीकडे बघितलं. "पण मारायला जिवंत असेल."

नूर खाली वाकून भातातले मणी वेचत होती.

"सांगेन," वारसिनी म्हणाली.

*

मंगळवारी ती दुलकरीमला बघायला गेली होती. त्याचा जबडा तारेने बांधलेला होता. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून तीच बोलली. सगळं सांगून झाल्यावर त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. ती दारापर्यंत गेली तेव्हा त्याने पलंगाच्या दांडीवर बोटाने ठकठक केलं. धक्क्यावर विंचच्या आवाजात दोघं हीच खूण वापरत: कळलं, पुढे चल. त्याने माफ केलं की फक्त कळलं म्हटलं, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

गुरुवारी पहाटे दोन घास भात आणि मीठ खाऊन तिने रोजा धरला. फजरची नमाज पढली. नूरने ओवून दिलेली तस्बीह पुरी केली. नव्व्याण्णव मण्यांत एक मणी कमी होता, तिथे नूरने शर्टाचं बटण घातलं होतं. मग ती आरशासमोर उभी राहिली. कपाळावरची सूज उतरली होती, कानामागे अजून काळंनिळं होतं. तिने रुमाल नीट बांधला; मार पडला तर सुटू नये म्हणून हनुवटीखाली दोन टाचण्या जास्त लावल्या.

नऊ वाजता धक्क्याचा भोंगा वाजला. दहाला भरती पुरी होणार होती.

ती नदीच्या पायऱ्या उतरली. घरातलं तांदळाचं रिकामं गोणतं तिने पाण्यात बुडवलं, दाबून धरलं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग उचलून खांद्यावर घेतलं. कोरडं अर्धा किलो होतं, आता पाच किलोंच्या पुढे गेलं असावं. किलो, असं ती मनात मुद्दाम म्हणाली. पाठीवरून पाणी टाचांपर्यंत ओघळू लागलं.

पिवळी चिठ्ठी तिने उजव्या मुठीत घेतली. वळणापलीकडून होडीवरच्या माणसांचे आवाज येत होते, आणि त्यांत रासमादीचा आवाज वेगळा कळत होता; कुणाला तरी तो दोर सोड म्हणून सांगत होता. विंच अजून सुरू झाला नव्हता.

"अकराला तुटला, अकरा टन," ती पुटपुटली. "दोर बारा टनांचा. मी एकशेवीस टन म्हटलं."

ऊन चढत होतं. गोणतं वाटेत सुकू नये म्हणून ती जरा भराभर चालू लागली.